पुढच्या चाकाची चौकशी

तामसखेडे, ता. पारोळा
वर्षावास चालू, रविवार, दुपार

ती. अक्का,

सविनय जयभीम. भाऊजींनाही माझा जयभीम सांग, आणि सांगताना उजव्या कानाशी सांग, कारण डाव्याने त्यांना ऐकू येत नाही (नको असलेलं ऐकू न येण्यासाठी मात्र ते दोन्ही कान वापरतात, हेही मला ठाऊक आहे). तुझे गुडघे कसे आहेत? मागे म्हणाली होतीस, जिना चढताना आवाज येतो. कसला आवाज येतो ते सांगायचं राहिलं. करकर येतो की टकटक? चढतानाच येतो की उतरतानाही? तेव्हापासून माझ्या डोक्यात ते बसलं आहे. आमच्याकडे सगळे खुशाल. आमच्या ह्यांची साखर ताब्यात आहे, कपाशीला पाऊस बरा झाला, आणि सूनबाई सपना तुझी आठवण काढते.

फोन असताना ही पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. तर त्याचं असं आहे, की फोन आकाश लावून देतो आणि लावला की स्पीकरवर ठेवतो. मग हे पेपर बाजूला ठेवतात, आकाश मोबाइलकडे बघत पण कान देऊन बसतो, सपना स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबते, आणि आपण दोघी बहिणी पावसापाण्याच्या बातम्या दिल्यासारखं बोलतो. पत्राला स्पीकर नसतो. पत्राला कारण आहे, पण ते शेवटी येईल. तुला सवय आहे शेवट आधी वाचायची. तसं करू नकोस, नाहीतर मधला भाग मी कुणासाठी लिहिला?

तर माझ्या सायकलीचं पुढचं चाक गेलं. गेलं म्हणजे तेव्हा अजून जागेवर होतं, पण त्याची लक्षणं ठीक नव्हती. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून ते खर्रर्र करून मग टक असा आवाज करत होतं. मला आधी वाटलं, निवृत्तीमुळे रस्ता कमी झाला म्हणून कुरकुर करत असेल. पण तो आवाज चालवताना उजवीकडून यायचा आणि उतरून ढकलताना डावीकडून यायचा, हे मला काही केल्या उमगेना. तू मला ओळखतेस. पोळी का करपली यापेक्षा ती एकाच बाजूने का करपली, यात माझा जास्त जीव अडकतो. म्हणून एका सकाळी मी सायकल अंगणात उलटी उभी केली, सीटखाली गोणपाट घातलं, आणि चाक हाताने गरकन फिरवून समोर पाटावर बसले.

अक्का, उलट्या सायकलीचं चाक फिरत असलं की माणसं का थांबतात? मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. दूधवाला थांबला, विहारात झाडायला निघालेल्या बाया थांबल्या, आणि ज्यांना माझ्याशी वर्षभर बोलायला वेळ नव्हता तेही कुंपणाला टेकून उभे राहिले. प्रत्येकाचं एकेक मत. एक म्हणे तारा ढिल्या झाल्या, एक म्हणे आतले छर्रे फुटले, एक म्हणे रस्त्याचाच दोष आहे, चाक काय करील. कोणीतरी सांगितलं की चाकाजवळ खडू धरा, जिथे आऊट (म्हणजे चाकाचा वाकडेपणा) असेल तिथेच रेघ उमटेल. अंगणवाडीचा खडू माझ्याकडे होताच (दोन तुकडे, ते मी परत द्यायला विसरले). धरला, तर रेघ चाकाच्या सबंध गोलावर उमटली. याचा अर्थ चाक सगळीकडेच आऊट होतं, किंवा माझा हात. यावर कुंपणाशी बराच वाद झाला आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

नीट पाहिल्यावर मात्र दोष दिसला. हवा भरायच्या भोकाजवळ रिंगेला गंज धरला होता आणि गंजाखाली चीर होती, नखाने चाचपली की कळायची. आता प्रश्न एवढाच की हे चाक दुरुस्त करावं की बदलावं. दिसायला सोपा प्रश्न आहे. मीही तसंच समजत होते.

भटू मिस्तरीकडे गेले. स्टँडजवळचं त्याचं दुकान तुला आठवत असेल. आता तिथे सायकली कमी आणि मोबाइलची कव्हरं जास्त आहेत. भटूने चाक बघितलं आणि म्हणाला, दुरुस्त होईल, आऊट काढून देतो. तेवढ्यात त्याच्या बाकावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले की रिंग गंजली आहे. भटू म्हणाला, तेच म्हणतो, बदलाच. गृहस्थ उठून गेले आणि दुसरे आले, ते म्हणाले जुनं लोखंड चांगलं असतं. भटू म्हणाला, तेच तर, असं लोखंड आता कुठे मिळतं, दुरुस्तच करू. तेव्हा मला कळलं की भटूचं मत त्याच्या बाकावर कोण बसलंय त्यावर अवलंबून असतं. मग मी स्वतःच बाकावर जाऊन बसले, तर त्याला काही मतच राहिलं नाही. तरी त्याने चावी घेऊन तारा आवळल्या. डावीकडचा आऊट उजवीकडे गेला. तो काढला तर वर कुठेतरी निघाला. आऊट काही गेला नाही, नुसता जागा बदलत राहिला, आणि त्यात दोन तारा तुटल्या. शेवटी भटूने सांगितलं की या मापाचं लेडीज चाक आता नवं येत नाही, दुसऱ्या जुन्या सायकलीचं मिळालं तर बसवून देईन. त्याने पैसे घेतले नाहीत, कारण काय केलं म्हणून घ्यायचे हे त्यालाही सांगता येईना.

घरी बैठक बसली. ह्यांनी पेपरमागून सांगितलं की तुला योग्य वाटेल ते कर (म्हणजे मला विचारू नको). आकाशचं म्हणणं वेगळंच निघालं. दुरुस्तीही नको आणि बदलणंही नको, सायकलच काढून टाकू. या वयात पडलीस तर काय करायचं, स्कूटी घरात आहे, मागे बस. पोरगा वाईट बोलला नाही गं, मायेनेच बोलला. वर हेही म्हणाला, "आई, तुले जठे जानं व्हई तठे मी लई जासू. काम काय शे तेवढं सांग."

आता यात रडण्यासारखं काय आहे? पण मी उठून मागच्या ओसरीत गेले आणि तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला खरं सांगते, काम काय आहे, हेच मला सांगता येत नाही. नोकरी होती तोवर सायकल कुठेही वळली तरी ते काम होतं. कुणाचं बाळ वजनात बसतंय का बघायला गेले, वाटेत कुणाच्या विहिरीला पाणी लागलं ते बघितलं, नवीन घराची चौकट कुठल्या लाकडाची ते बघितलं, जांभळाखाली थांबले, सगळं कामात धरलं गेलं. आता काम संपलं, पण बघायचं संपलेलं नाही. सायकलीवर बसलं की मला कुणाला काही सांगावं लागत नाही. स्कूटीच्या मागे बसायचं तर कुठे जायचं ते आधी सांगावं लागतं, आणि मला तिथे पोचल्याशिवाय ते कळत नाही. चाक गेलं तर माझं हे जाणार होतं. बाकी सायकल काय, लोखंड आहे.

उदाहरण देते. नाल्यापलीकडे, धुळ्याच्या रस्त्याला लागून, निळ्या पत्र्याचं काहीतरी प्रचंड उभं राहतं आहे. खिडकी एकही नाही. दार एवढं मोठं की ट्रक आत जावा, आणि छपरावर ओळीने गोल गोल टोप्या बसवल्या आहेत. आकाश म्हणतो गोदाम आहे. हे म्हणतात जिनिंग. शेजारचा तोताराम म्हणतो पोल्ट्री (खिडकी नाही तर कोंबड्या काय अंधारात बसतील?). मी रोज गच्चीवरून बघते. सायकल असती तर पहिल्याच दिवशी निकाल लावला असता. आकाशला म्हटलं, जरा तिकडून फिरवून आण. तो लगेच तयार झाला, चावी घेतली, आणि विचारलं, तिथे काय काम आहे? मी म्हटलं, राहू दे.

इकडे गावात एक नवल घडत होतं. माझ्या चाकाविषयी लोकांना काळजी वाटू लागली. तोताराम सकाळी गिलकी घेऊन आला आणि गिलकी देता देता चाकाची चौकशी करून गेला. "बाई, ते चाक आते थकी गयं. नवंच टाका," म्हणाला, आणि इतक्या हळव्या आवाजात म्हणाला की मला भरून आलं. पाठोपाठ आमच्या गल्लीतला पुना आला, तोही म्हणे बदलाच, जिवापेक्षा चाक मोठं आहे का. ज्याची पोरं माझ्या अंगणवाडीत कधी आली नाहीत असा एक जण वरच्या गल्लीतून मुद्दाम आला आणि चाकाला हात लावून हळहळला. मला वाटलं, बघ, इतकी वर्षं गावाची सेवा केली ती वाया गेली नाही. रात्री ह्यांना तसं म्हणालेही. हे म्हणाले, हूं.

गिलक्यांचा डबा परत द्यायला तोतारामच्या घरी गेले तेव्हा भिंतीला एक लोखंडी सांगाडा टेकवलेला दिसला. मागे दोन मुठी, खाली तण कापायची धारदार पास, आणि पुढे जिथे चाक असायला हवं तिथे रिकामी बेचकी. सायकल-कोळपं गं. तुमच्या शिरपूरकडेही असेल. यंदा सगळ्यांनी कपाशी जवळ जवळ लावली आहे, दोन ओळींत बैल मावत नाही, म्हणून गावभर लोकांनी हाताने ढकलायची कोळपी करून घेतली. वेल्डिंगवाल्याने सांगाडे भराभर करून दिले. चाकं मात्र कुठून आणणार? सायकली केव्हाच भंगारात गेल्या, पोरं मोटारसायकलीवर. पुनाच्या घरावरून आले, तिथेही तोच सांगाडा. वरच्या गल्लीतही मुद्दाम जाऊन बघितलं. तिथेही. सगळ्या गावात कोळपी तयार, तण गुडघ्याला लागलेलं, आणि सुट्टं होण्याच्या बेतातलं पुढचं चाक एकच. माझं.

मला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. पण राग येईना, कारण मला नवाच प्रश्न पडला होता. आऊट असलेलं चाक कोळप्याला चालतं का? तोतारामला विचारलं. तो ओशाळला, पण उत्तर दिलं, की मातीत आऊट कळत नाही. हे खरं की आपल्या सोयीचं, ते बघायला हवं होतं. बघेन म्हणून घरी आले.

त्याच संध्याकाळी मी विहारात ग्रंथवाचनाला गेले. परत येते तो अंगणात माझी सायकल पुढच्या दोन दांड्यांवर वाकून उभी, पाणी प्यायला गुडघे टेकलेल्या बैलासारखी. चाक नाही. आकाशने तोतारामला देऊन टाकलं होतं. त्याला वाटलं, आईच्या डोक्याचा ताप गेला. तोतारामला वाटलं, बाईंनीच पाठवलं. दोघांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून मला भांडताही येईना, आणि भांडता येत नाही याचा राग वेगळाच आला. मी जेवले नाही. आकाश चार वेळा विचारून गेला, काय झालं. काय सांगू? माझ्या सायकलीचं चाक दिलंस, एवढंच झालं होतं, आणि एवढंच नव्हतं झालं.

सकाळी मी चाक परत आणायला तोतारामच्या वावरात गेले. चालत. (चालत गेलं की गुडघ्याला आवाज येतो, अक्का. माझा करकर.) सगळं बोलणं वाटेत जुळवलं होतं. बांधावर पोचले तर तोताराम कपाशीच्या ओळींतून कोळपं ढकलत येत होता आणि पुढे माझं चाक. मी ते आधी ओळखलंच नाही. मातीने त्याचा गंज घासून काढला होता, रिंग चकाकत होती. डुलत होतं, पण डुलत डुलत सरळ जात होतं, आणि आवाज नाही. खर्रर्र नाही, टक नाही. मला बघून तोतारामने मुठी सोडल्या, चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "बाई, पाहिजे व्हई ते काढी ल्या. पन इतलं वावर व्हऊ द्या."

जुळवलेलं बोलणं विसरले. मी म्हटलं, जरा मला ढकलू दे. पदर खोचला आणि मुठी धरल्या. अक्का, तू कधी चालवून बघितलं आहेस का? थोडं मागे घ्यायचं, मग पुढे रेटायचं, की पास मातीखालून जाते आणि तण मुळासकट आडवं होतं. सायकलीवरून मला चाक कधी दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. इथे ते माझ्या समोर फिरत होतं. ओळ संपेपर्यंत थांबावंसं वाटलं नाही (मधे कपाशीची दोन झाडं गेली, तोतारामने दुसरीकडे बघितलं). एवढी वर्षं त्याने मला वाहिलं आणि आता जरा मी त्याला ढकललं. आऊटचा प्रश्न सुटला, मातीत खरंच कळत नाही. मी त्याला म्हटलं, राहू दे तुझ्याकडे, पुनालाही आळीपाळीने देत जा.

चाकाचं बरं झालं. माझं काय? घरी येऊन ओसरीत बसले, समोर तीच वाकलेली सायकल. आकाश आता रोज दोनदा विचारतो, कुठे जायचं आहे का आई. मी म्हणते, कुठे नाही. गेल्या आठवड्यात मी पारोळ्याला गेले नाही, मळ्यात गेले नाही, नाल्यावर गेले नाही. गच्चीवर जाते. निळ्या पत्र्याला आता वायरी ओढताहेत. आकाश समाधानी आहे, आई सुरक्षित आहे म्हणून. ह्यांनी परवा पेपर खाली करून माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे. पण मी बरी नाही.

असो. तुझ्या प्रकृतीला जप, भाऊजींना डोळ्यात थेंब वेळेवर टाकायला लाव. चुकलंमाकलं धाकटी म्हणून सांभाळून घे.

तुझी,
संघमित्रा

ता. क. आता कारण. तुझी सायकल. धुळ्याला आपण दोघींनी एकाच दुकानातून सारख्या घेतल्या होत्या, माझी लाल, तुझी हिरवी. मला चालवायला तूच शिकवलं होतंस, पडले की आधी हसायचीस आणि मग उचलायचीस. तुझी मात्र भाऊजींच्या "कशाला उन्हातान्हात" पायी शेडमध्ये गेली, आणि मागच्या खेपेला बघितलं तेव्हा तिच्या कॅरिअरवर कांद्याची गोणी आणि हँडलला लसणाच्या जुड्या होत्या. चाकाला मात्र काही झालेलं नव्हतं (तू जेवण वाढत होतीस तेव्हा मी फिरवून बघितलं). तिचं पुढचं चाक मला दे. भाऊजी डोळे दाखवायला धुळ्याला येतातच, त्यांच्याबरोबर गाडीत टाक. लसूण दुसरीकडे टांगता येईल.

ता. क. दुसरा. आज सोमवार, हे पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहिते आहे, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. पत्र टाकायचं होतं म्हणून मी सपनाबरोबर स्कूटीवर आले (पोस्ट हे काम आहे, त्यामुळे चावी मिळाली). नाल्यापाशी आलो तशी तिने स्कूटी हळू केली. मी काही बोलले नव्हते. ती म्हणाली, "आई, तुमले ते निळं देखाले जानं शे ना? माले बी देखनं शे." आणि तिने हँडल वळवलं. अक्का, ही पोरगी इतके दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला एवढा वेळ का लावते, हे मला आज कळलं. मला वाटायचं ती संथ आहे. चावी मागताना तिलाही विचारतात, काय काम आहे. मी माझ्याच ओसरीत बसून होते आणि आतल्या खोलीत हे असं होतं, हे मला दिसलं नाही. तिथून परतताना तिने विचारलं, सायकल शिकायला वय लागतं का. म्हणून सुटं चाक काढू नकोस. सायकल अख्खी पाठव. ती सपनाला. माझ्या चाकासाठी आम्ही दोघी धुळ्याच्या जुन्या बाजारात जाऊन शोधणार आहोत, येताना भटूकडे थांबलो, तो म्हणाला मिळेल (बाकावर सपना बसली होती).

ता. क. तिसरा. सायकल पाठवूही नकोस. तू स्वतः घेऊन ये, आणि सपनाला तू शिकव. मला नीट हसता येणार नाही, तुला येतं. गुडघ्यांचं म्हणशील तर माझेही वाजतात, आणि सायकलीवर वाजत नाहीत. निळ्या पत्र्याच्या आत काय आहे ते आम्ही दोघींनी डोळ्यांनी बघितलं. गोदाम नाही, जिनिंग नाही आणि पोल्ट्री तर मुळीच नाही. पत्रात लिहिणार नाही आणि फोनवरही सांगणार नाही, तू आलीस की दाखवीन. भाऊजी विचारतील, बहिणीकडे एवढं काय काम काढलं? उजव्या कानाशी जा आणि सांग, काहीच नाही.